हवेवरची गाडी, गुंडाळीवरची गाडी



माझं संशोधन रबराच्या थकव्यावर आहे, हे इथल्या जुन्या वाचकांना माहीत आहे. एकच ताण हजारो-लाखो वेळा दिला की धागे घातलेल्या रबरात बारीक भेग कुठे सुरू होते आणि कशी वाढत जाते, एवढाच माझा विषय. पण 'रबर' हा शब्द ऐकला की नात्यातले आणि ओळखीतले लोक मला दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, टायर कुठला घेऊ? दुसरा प्रश्न अलीकडे वाढलाय: "लडाख-स्पितीला नेता येईल अशी दणकट गाडी घ्यायची आहे, बहुतेक सेकंडहँड. एअर सस्पेन्शनवाली घेऊ की साध्या कॉइल स्प्रिंगवाली?"

या प्रश्नाचं एका ओळीत उत्तर देणारे पुष्कळ आहेत. एक गट म्हणतो, हवेचं म्हणजे चैन, जंगलात दगा देणार. दुसरा म्हणतो, कॉइल म्हणजे जुनाट. दोघंही गाडीकडे आज शोरूममध्ये दिसते तशी बघतात. मला वाटतं, ही दोन्ही सस्पेन्शनं खडकाळ वाटेवर कशासाठी आणि कुठून आली हे बघितलं, तर निवड पुष्कळ सोपी होते. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. भौतिकशास्त्र मधे मधे येईल, पण नववी-दहावीच्या पलीकडचं नाही.

गंमत म्हणजे या दोन्ही स्प्रिंगांच्या मुळाशी एकच माणूस सापडतो. स्प्रिंग ताणली की बल ताणाच्या प्रमाणात वाढतं, हा शाळेतला नियम रॉबर्ट हूकचा. १६७६ साली त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये उलगडून सांगितला. पण त्याच्याही आधी, १६५९ च्या सुमाराला, हाच हूक ऑक्सफर्डमध्ये रॉबर्ट बॉइलचा मदतनीस होता आणि बॉइलसाठी त्याने हवेचा पंप बनवला होता. त्या पंपावरच्या प्रयोगांचं पुस्तक १६६० साली आलं. पुस्तकाच्या नावातच 'हवेची स्प्रिंग' असा शब्दप्रयोग आहे! दाबलेली हवा परत उसळते, म्हणून बॉइलने तिला स्प्रिंग म्हटलं. आकारमान निम्मं केलं की दाब दुप्पट, हा नियम १६६२ च्या आवृत्तीत आला. म्हणजे पोलादाची गुंडाळी आणि कोंडलेली हवा यांच्यातला वाद गाडीखाली यायला आणखी तीनशे वर्षं लागली, पण दोघांची जन्मपत्रिका एकाच घरातली.

आता गाडीखाली येऊ. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, तिच्यावरून स्फूर्ती घेऊन १९४८ साली ॲम्स्टरडॅमच्या प्रदर्शनात आलेली पहिली लँड रोव्हर, आणि आपल्याकडे १९४७ पासून महिंद्रने मुंबईत जुळवायला घेतलेली जीप, या तिन्ही पाट्यांवर उभ्या होत्या. आपल्या लाल एसटीखाली असतात तेच एकावर एक रचलेले पोलादी पाटे. पाट्यांचा मोठा गुण असा की ते दोन कामं एकदम करतात. गाडीचं वजन पेलतात, आणि आक्सल जागच्या जागी धरूनही ठेवतात. वेगळे दांडे, वेगळे सांधे लागत नाहीत. एखादा पाटा तुटला तर बाकीच्यांवर भागतं, आणि तालुक्याच्या गावातला लोहारसुद्धा तात्पुरती सोय करून देतो. दुर्गुणही त्यातच आहे. पाटे एकमेकांवर घासतात, आणि त्या घर्षणामुळे लहान धक्क्यांना स्प्रिंग हलतच नाही. धक्का तसाच पाठीत. शिवाय आक्सल धरून ठेवायचा तर पाटे ताठ हवेत, आणि ताठ पाट्यांवर चाकाची वर-खाली चाल कमी. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरं हवेत.

शेतकऱ्याला, फौजेला आणि जंगलखात्याला हे चालत होतं. मग बदल घडला कुठे? रोव्हर कंपनीत स्पेन किंग नावाचा अभियंता होता. (कंपनी चालवणाऱ्या विल्क्स बंधूंचा हा भाचा. पहिल्या लँड रोव्हरची कल्पना मॉरिस विल्क्सची, तेव्हा प्रकरण घरचंच.) रोव्हरच्या १९६३ च्या मोटारीला चारही बाजूंना कॉइल स्प्रिंग होत्या आणि ती रस्त्यावर मऊ चालायची. किंग आणि गॉर्डन बॅशफर्ड यांनी विचार केला तो असा: मोटारीसारखी मऊ आणि लांब चालीची स्प्रिंग चौचाकी ताकदीच्या गाडीला लावली तर? फोर्डच्या १९६६ च्या ब्राँकोत पुढे कॉइल होत्याच, पण मागे पाटे होते. किंगने चारही चाकांना कॉइल लावल्या. १७ जून १९७० ला रेंज रोव्हर जगापुढे आली.

इथे एक तांत्रिक गोष्ट नीट बघायला हवी, कारण पुढची सगळी कथा तिच्यावर उभी आहे. कॉइल स्प्रिंगला फक्त एकच काम येतं, दाबलं की उसळायचं. ती आक्सलला धरून ठेवू शकत नाही. म्हणून रेंज रोव्हरला आक्सल धरण्यासाठी वेगळे दांडे द्यावे लागले, पुढे दोन लांब दांडे आणि एक आडवा, मागे दोन दांडे आणि मधोमध इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची चौकट. भाग वाढले, सांधे वाढले. पण स्प्रिंग मोकळी झाली. आता तिला आक्सल सांभाळायचं नव्हतं, तेव्हा ती हवी तितकी मऊ करता येत होती. आणि एकदा का स्प्रिंगचं काम फक्त उसळण्याचं उरलं, की तिच्या जागी उसळणारी दुसरी कुठलीही वस्तू बसवता येते. बावीस वर्षांनी नेमकं तेच झालं.

मऊ स्प्रिंग खडकांत टिकेल का, याची परीक्षा लवकरच झाली. १९७१-७२ मध्ये ब्रिटिश मोहिमेने दोन रेंज रोव्हर अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत नेल्या. पनामा आणि कोलंबिया यांच्यामधलं दारिएनचं जंगल म्हणजे रस्ता नावाची चीजच नाही, नुसता चिखल आणि दलदल. सुमारे ४०० किलोमीटरला जवळजवळ शंभर दिवस लागले. तिथे गाड्या मोडल्या. पण मोडलं काय? दलदलीसाठी लावलेल्या मोठ्या टायरांचा भार न सोसून आक्सलमधली डिफरन्शियलं फुटली. ज्या कॉइल स्प्रिंगांविषयी धास्ती असायला हवी होती, त्यांनी मोहीम अडवली नाही. पुढे पॅरिस-डाकारच्या १९७९ आणि १९८१ च्या शर्यतींत मोटारींमध्ये रेंज रोव्हरच पहिली आली. १९८३ पासून साध्या कामाच्या लँड रोव्हरनेही पाटे सोडून कॉइल घेतल्या.

इथपर्यंत वाचून कॉइलवाल्या वाचकांना बरं वाटलं असेल. थांबा जरा.

१९७० च्या त्या पहिल्या रेंज रोव्हरच्या मागच्या आक्सलवर, मधोमध, एक आणखी वस्तू होती. बोगे या जर्मन कंपनीचं स्वतः उंची सावरणारं यंत्र. तेलाच्या आणि वायूच्या दाबावर चालायचं, आणि गाडी चालताना जी वर-खाली हालचाल होते तिच्यातूनच स्वतःला पंप करून घ्यायचं. मागे सामान भरलं, गाडी खाली बसली, की थोडं अंतर चालल्यावर हे यंत्र तिला पुन्हा वर उचलायचं. म्हणजे कॉइलची म्हणून गाजलेली ही पहिली गाडीसुद्धा निव्वळ कॉइलवर नव्हती. तिच्या रचनाकारांना कॉइलची खोड पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.

ती खोड कोणती? एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेलं उदाहरण घेऊ. समजा मागच्या दोन स्प्रिंगांवर मिळून ८०० किलो भार आहे आणि गाडी सेकंदाला दीड वेळा वर-खाली होईल इतक्या मऊ स्प्रिंगा आहेत. हूकचा नियम लावला तर नुसत्या उभ्या गाडीखाली या स्प्रिंगा सुमारे ११ सेंटिमीटर दबलेल्या असतात. आता मागे चार माणसं, तंबू, पाण्याचे कॅन असा ४०० किलोचा बोजा टाका. गाडी आणखी साडेपाच सेंटिमीटर खाली बसेल. पोटाखालचा दगड साडेपाच सेंटिमीटरने जवळ आला, आणि चाकाला वर सरकायला उरलेली जागाही तितकीच कमी झाली. शिवाय डुलण्याचा वेग दीडवरून सव्वाच्या खाली जातो, गाडी नावेसारखी झुलते. यावर उपाय म्हणून ताठ स्प्रिंगा लावल्या, तर भरलेली गाडी झकास चालते आणि रिकामी गाडी दात खिळखिळे करते. कॉइल एकदा वळली की तिचा ताठरपणा ठरला. रिकामी गाडी आणि भरलेली गाडी या खरं तर दोन वेगळ्या गाड्या आहेत, आणि कॉइलला त्यातली एकच निवडावी लागते.

हवेच्या स्प्रिंगची जादू इथे आहे. भार दीडपट झाला की कॉम्प्रेसर फुग्यात आणखी हवा भरतो आणि गाडी मूळ उंचीवर येते. उंची तीच, म्हणजे फुग्याचं आकारमान तेच, पण दाब सुमारे दीडपट. हवेच्या स्प्रिंगचा ताठरपणा दाबाच्या प्रमाणात असतो, म्हणून तोही जवळपास दीडपट झाला. भारही दीडपट, ताठरपणाही दीडपट, तेव्हा डुलण्याचा वेग होता तिथेच राहिला. रिकामी असो की भरलेली, गाडी एकसारखीच चालते. कॉइलला हे कधीच जमणार नाही. (बारकावा हवा असेल तर: बॉइलचा नियम सावकाश दाबलेल्या हवेचा आहे. खड्ड्यात चाक झटक्यात वर येतं तेव्हा उष्णतेला बाहेर पडायला सवड मिळत नाही आणि ताठरपणा सुमारे १.४ पट भरतो. वरच्या निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही.)

भाराची ही अडचण सगळ्यात जास्त कोणाला? बसला. पन्नास माणसं चढतात, उतरतात. म्हणून हवेचं सस्पेन्शन आधी बसमध्ये रुजलं. अमेरिकेत फायरस्टोनने तीसच्या दशकापासून त्यावर प्रयोग केले आणि १९५३ पासून जनरल मोटर्सच्या बसगाड्या हवेवर चालू लागल्या. मुंबई-पुणे शिवनेरीची व्होल्वो थांब्यावर 'फुस्स' असा सुस्कारा टाकते तो याच घराण्याचा.

मोटारींची सुरुवात मात्र वाईट झाली. १९५७ ची कॅडिलॅक एल्डोरॅडो ब्रोअम चारही चाकांना हवा घेऊन आली, आणि १९५८ साली जनरल मोटर्सने आपल्या इतर मोटारींनाही हवेचं सस्पेन्शन जादा पैसे घेऊन देऊ केलं. झडपा गळू लागल्या. हवेतला बाष्पांश नळ्यांत साचायचा, थंडीत गोठायचा. सकाळी अंगणात गाडी जमिनीला टेकलेली. थोड्याच वर्षांत हा पर्याय गुंडाळला गेला आणि कित्येक मालकांनी फुगे काढून कॉइल बसवून घेतल्या. 'हवा काढून कॉइल बसवणे' हा उद्योग आज नवा वाटतो, पण तो तेव्हापासूनचा आहे. बसमध्ये जे चाललं ते मोटारीत का फसलं, याचं मला पटणारं कारण साधं आहे. बस रोज रात्री डेपोत जाते. तिथे मेकॅनिक असतो, हवेचा दाब बघणारा माणूस असतो. मोटारीचा मालक बॉनेट उघडतो ते गाडी बंद पडल्यावर.

आता १९९२. रेंज रोव्हरची लांबवलेली, महागडी आवृत्ती निघाली, एलएसई. तिच्यात कॉइल काढून त्याच जागी हवेचे फुगे बसवले होते. दांडे, आक्सल, चौकट, सगळं १९७० चंच. मी मघाशी म्हटलं ते हेच: स्प्रिंग मोकळी करून ठेवलेली होती, फक्त बदलायची बाकी होती. सोबत इलेक्ट्रॉनिक मेंदू, उंची मोजणारे सेन्सर, कॉम्प्रेसर आणि झडपांचा ठोकळा. आणि हे कशासाठी केलं? खडकांसाठी नक्कीच नाही. ही गाडी घेणारा माणूस हमरस्त्यावर मर्सिडीजच्या शेजारून जाणारा होता. ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गाडी आपोआप सुमारे दोन सेंटिमीटर खाली बसायची, म्हणजे स्थिरता वाढते. उतरताना आणखी खाली, म्हणजे बूट चिखलात पडू नयेत. खडकाळ वाटेसाठी सुमारे चार सेंटिमीटर उंच होण्याची सोय होती, आणि पोट टेकून चाकं अधांतरी झालीच तर आणखी थोडं वर उठायची. ही ऑफ-रोडवाल्यांना मिळालेली वरकड होती.

मला या इतिहासातली हीच गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते. किंगने कॉइल आणली ती मोटारीचा आराम डोळ्यांपुढे ठेवून, आणि तिचा फायदा चिखलात झाला. हवा आली तीही आरामासाठीच, आणि तिचाही फायदा काही प्रमाणात चिखलात झाला. पण दुसऱ्या वेळी सोबत एक भलं मोठं बिल आलं, ते दुरुस्तीचं. (खुद्द किंगला आपल्या गाडीचं शहरातलं मिरवणं फारसं रुचलं नव्हतं, आणि उतारवयात त्याने ते उघडपणे बोलूनही दाखवलं.)

बिल कसं वाढतं ते बघा. १९९४ च्या नव्या रेंज रोव्हरला हवेचं सस्पेन्शन सरसकट मिळालं. फुगा जुना झाला, घडीपाशी बारीक भेग पडली, हवा थेंबाथेंबाने जाऊ लागली. मालकाला काहीच कळत नाही, कारण कॉम्प्रेसर ती तूट भरून काढतोय. दिवसातून दोनदा चालणारा कॉम्प्रेसर तासातून दोनदा चालू लागतो, तापतो, झिजतो. हवा कोरडी करणारी भुकटी ओली होते आणि बाष्प झडपांत शिरतं. मग एक दिवस कॉम्प्रेसर जळतो. गाडी चारही बाजूंनी खाली बसते, समोरच्या पट्टीवर 'ताशी ३५ मैलांवर जाऊ नका' अशा अर्थाचा संदेश येतो, आणि तुम्ही ताशी ५५ किलोमीटरने, रबरी ठोकळ्यांवर आपटत, घरी येता. दोष एका रबराच्या घडीत होता, पण बंद पडलं सगळं तंत्र. कॉइलचं उलट आहे. कॉइल गंजते, तिचं टोक तुटतं, गाडी एका बाजूला कलते, आणि पुष्कळदा तशीच कललेली चालत गावात पोचते. तिचं दुखणं एकाच चाकापुरतं राहतं.

माझ्या रबराबद्दल दोन शब्द बोलल्याशिवाय राहवत नाही. हवेचा फुगा म्हणजे नुसतं रबर नव्हे, आत नायलॉनसारख्या धाग्यांचे तिरपे थर असतात. दाब धागे सोसतात, रबर फक्त हवा अडवतं. चाक वर-खाली झालं की फुग्याची खालची घडी पिस्टनवर गुंडाळते आणि सुटते, मोजा पायावरून गुंडाळावा तशी. रबर दर वेळी तिथेच वाकतं. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराच्या रेणूंतले दुहेरी बंध तोडतो, म्हणून भेगाही तिथेच पडतात. त्यात घडीत चिखल आणि वाळू अडकली की घासपेपरचं काम होतं. म्हणजे गाडी गॅरेजमध्ये नुसती उभी ठेवली तरी वय वाढतंच, आणि चिखलात वापरली तर जास्त वेगाने वाढतं. पोलादाचं तसं नाही. नीट रंगवलेली, मर्यादेत वापरलेली कॉइल गाडीच्या आयुष्यभर टिकू शकते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हवेचे फुगे टायरसारखे धरावेत. ते झिजणार, बदलावे लागणार, आणि तो खर्च गाडी घेतानाच हिशेबात मांडायचा.

खडकांत हवा खरोखर किती उपयोगाची, हाही प्रश्न आहेच. गाडी उंच केली की पोटाखाली जागा वाढते, यात वाद नाही. आताच्या डिफेंडर ११० ला हवेचं सस्पेन्शन असेल तर खडकाळ वाटेच्या उंचीला पोटाखाली २९१ मिलिमीटर मिळतात, कॉइलवाल्या डिफेंडरला सुमारे २२५. हा फरक मोठा आहे, एका भरभक्कम धोंड्याचा. पण शॉकॲब्सॉर्बरची लांबी ठरलेली असते. गाडी उंच केली म्हणजे चाक आधीच खाली गेलेलं असतं, मग खड्डा आल्यावर त्याला आणखी खाली जायला जागा थोडी उरते. स्प्रिंगही ताठ लागते. उंची मिळते ती चालीतून कापून घेतलेली असते. २००१ च्या अखेरीस आलेल्या रेंज रोव्हरमध्ये अखंड आक्सल जाऊन चारही चाकं सुटी झाली, तेव्हा ही उणीव भरायला एक हुशार युक्ती केली. खडबडीत जागी डाव्या-उजव्या फुग्यांमधली झडप उघडायची. डावं चाक दगडावर चढून फुगा दाबला गेला की तिथली हवा उजवीकडे सरकते आणि उजवं चाक खाली ढकललं जातं. अखंड आक्सल जे काम तरफेसारखं फुकटात करतो, ते इथे झडपा आणि संगणकाने केलं. मला ही युक्ती मनापासून आवडते. पण तिला चालण्यासाठी झडप, सेन्सर, वायर आणि मेंदू हे चारही धड असावे लागतात.

लडाखला जाणाऱ्यांसाठी एक आडवळण. पाच हजार मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. कॉम्प्रेसरला तीच हवा ओढायची, म्हणजे तेवढाच फुगा भरायला जवळजवळ दुप्पट वेळ आणि जास्त ताप. उलट, चढताना बाहेरचा दाब कमी झाल्याने फुगे किंचित जास्त जोर लावतात आणि यंत्रणा थोडी हवा सोडून देते. उतरताना ती परत भरावी लागते. धडधाकट कॉम्प्रेसरला हे काहीच नाही. थकलेल्या कॉम्प्रेसरला मात्र हीच वेळ शेवटची ठरू शकते, आणि नेमकं तिथे गॅरेज नसतं.

जगभरच्या गाड्यांनी यातून आपापली वाट काढली आहे. टोयोटाची ७० मालिकेची लँड क्रूझर मागे अजूनही पाट्यांवरच आहे. ती घेणारा माणूस ऑस्ट्रेलियातल्या खाणीत काम करतो. जीप रँग्लर आणि मर्सिडीजची जी-क्लास कॉइलवर ठाम आहेत. जीपची ग्रँड चेरोकी २०१० पासून दोन्ही देते. आपली थार २०१० साली आली तेव्हा मागे पाटे होते, २०२० च्या थारने मागे दांडे आणि कॉइल घेतल्या; म्हणजे रोव्हरने १९७० ला टाकलेलं पाऊल नाशिकमध्ये पन्नास वर्षांनी पडलं. आणि ज्या कंपनीची ही सगळी कथा सांगितली, ती २००८ साली टाटा मोटर्सने विकत घेतली. हवेवरची रेंज रोव्हर २०२४ पासून पुण्यात जुळवली जाते, त्यामुळे हा वाद आता आपल्या दारातला झालाय.

तर मग तुम्ही काय घ्यावं? तुमच्या गाडीतला बोजा फारसा बदलत नसेल, दोघं-तिघं आणि ठरलेलं सामान, आणि गाडी गावापासून दूर जाणार असेल, तर कॉइल. बोजाला शोभेल अशा ताठरपणाच्या स्प्रिंगा एकदा नीट निवडा आणि विसरून जा. बोजा सतत बदलत असेल, सोमवारी एकटे, शनिवारी सात जण, मागे ट्रेलर, बहुतेक प्रवास हमरस्त्याचा आणि वर्षातून दोनदा खडबडीत घाट, तर हवेला तोड नाही, फक्त फुग्यांचा खर्च बाजूला काढून ठेवा. दहा वर्षं जुनी हवेवरची गाडी स्वस्तात मिळतेय आणि तीच घेऊन स्पितीला जायचंय, असं कोणी विचारलं तर माझं उत्तर 'नको' असं आहे. निदान फुगे, कॉम्प्रेसर आणि सुकवणी बदलल्याशिवाय नको. हवा काढून कॉइल बसवायचा मार्ग आहे आणि काही गाड्यांना तो चांगला लागू पडतो, कारण दांडे तेच राहतात. पण मग उंच होणं, खाली बसणं, बोजा सावरणं हे सगळं जातं. तुम्ही पैसे हवेचे मोजलेले असतात आणि गाडी कॉइलची वापरता.

आणि सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा खिशात मोजपट्टी ठेवा. सपाट जागी गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून घ्या. रात्रभर उभी राहू द्या आणि सकाळी कोणी दार उघडायच्या आत पुन्हा मोजा. काही गाड्या दार उघडताच पंप सुरू करतात आणि पुरावा नाहीसा होतो. काही बंद असतानाही मधून मधून सगळ्यात खालच्या कोपऱ्याच्या पातळीला बाकीचे तीन कोपरे आणतात, त्यामुळे चारही सारखेच खाली गेलेले दिसले तरी गळती नाही असं समजू नका. मग फुग्याच्या खालच्या घडीवर टॉर्च मारा. बारीक जाळीसारख्या भेगा दिसल्या तर किंमत ठरवताना चारही फुग्यांचे पैसे वजा करा. त्या भेगा तशाच का पडतात, आणि रबरात मेण का मिसळतात, ते पुढच्या लेखात.